मोजल्याशिवाय निकाल नको

दगडखाणीविरुद्ध केलेल्या तक्रारीचे पुढे काय होते, हे महाराष्ट्रात खाणीला लागून असलेल्या कोणत्याही गावात जाऊन विचारावे. अर्ज ग्रामपंचायतीत दिला जातो. तिथून तो तहसील कार्यालयात, तिथून कधी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे, तर कधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो. मंडळ अधिकारी आणि तलाठी येतात, पंचनामा होतो. काही आठवड्यांनी तक्रारदाराला पत्र मिळते. प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो. आकडा मात्र एकही नसतो. सुरुंगाचा हादरा किती बसला, क्रशरची धूळ किती उडाली, खाणीच्या कडेपासून पहिले घर किती मीटरवर आहे, यांपैकी काहीच मोजलेले नसते.

मोजमाप न करता दिलेला निकाल हा निकालच नव्हे, असे माझे ठाम मत आहे. आणि हे मोजमाप करून घेण्याची जबाबदारी तक्रारदाराची नाही. ती परवाना देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची आहे. या मताविरुद्ध जे युक्तिवाद नेहमी केले जातात, त्यांचा समाचार आधी घेतो.

पहिला युक्तिवाद अधिकारक्षेत्राचा. सरपंच म्हणतात, खाणपट्टा जिल्हाधिकारी देतात, आम्ही काय करणार? तहसीलदार म्हणतात, धुळीचे प्रदूषण मंडळ पाहील. मंडळ म्हणते, सुरुंगाचा विषय खाण सुरक्षा महासंचालनालयाचा. ते कार्यालय धनबादला. स्फोटकांचा परवाना पाहणारी पेसो ही संस्था नागपूरला. कायद्याने कामे वाटून दिली आहेत हे खरेच आहे. पण सुरुंग उडतो तेव्हा धूळ, हादरा, आवाज आणि उडालेला दगड हे सगळे एकाच घरावर येते. कामाची विभागणी सरकारने स्वतःच्या सोयीसाठी केली. तिचा भुर्दंड गावकऱ्याने का सोसावा?

शिवाय हा युक्तिवाद कायद्यालाही धरून नाही. बेकायदा उत्खननावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याचा आणि यंत्रे-वाहने ताब्यात घेण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ ने महसूल यंत्रणेला दिला आहे. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश देण्याचा अधिकार उपविभागीय दंडाधिकाऱ्याला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १३३ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ मध्ये आहे. आरोग्याला घातक ठरणारा धंदा थांबवणे किंवा त्याचे नियमन करणे हे त्यात स्पष्टपणे येते. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी याच कलमाचा आधार घेऊन नगरपालिकेला उघड्या गटारांबद्दल जाब विचारला होता. पालिकेने पैसे नसल्याची सबब सांगितली. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली आणि वैधानिक कर्तव्यापुढे निधीची अडचण ऐकून घेतली जाणार नाही, असा दंडक घालून दिला. पैसा नाही ही सबब चालत नसेल, तर अखत्यार नाही ही सबब तरी का चालावी?

ग्रामपंचायतही हातावर हात ठेवून बसू शकत नाही. खाणपट्टा मागताना ग्रामपंचायतीचा ठराव किंवा नाहरकत दाखला जोडण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारकच केली आहे. खाण सुरू होताना ज्यांची संमती मोलाची वाटते, त्यांचा शब्द खाण चालू झाल्यावर कवडीमोल कसा ठरतो? दाखला देणाऱ्याने त्या दाखल्याच्या परिणामांचीही जबाबदारी घेतली पाहिजे.

दुसरा युक्तिवाद आहे: खाण लहान आहे, चार-पाच एकरांची, तिचा असा काय त्रास होणार? सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात याचे उत्तर दिले आहे. पाच हेक्टरांपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल, असे न्यायालयाने सांगितले. कारण उघड आहे. एकाच डोंगराचे लहान लहान तुकडे पाडून शेजारी शेजारी पट्टे दिले की प्रत्येक पट्टा लहान दिसतो आणि डोंगर मात्र पूर्ण जातो.

तिसरा युक्तिवाद वरकरणी सर्वांत बळकट वाटतो. घरांना तडे गेले ते सुरुंगाने नव्हे. घरेच जुनी, पाया कच्चा, जमीन काळी. हे प्रत्येक वेळी खोटे असते असे मी म्हणणार नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरच्या भिंती तडकतात, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. सुरुंगानंतर खिडक्या खडखडतात, मांडणीवरची भांडी वाजतात, तेव्हा बऱ्याचदा तो हवेतल्या दाबलाटेचा परिणाम असतो. जमिनीतला कंप भिंत फोडण्याइतका असेलच असे नाही. पण मग तडा कशामुळे गेला हे ठरवायचे कसे? डोळ्यांनी पाहून ते कोणालाच ठरवता येत नाही, अधिकाऱ्यालाही नाही. त्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ च्या परिपत्रकात मर्यादा ठरवून दिल्या आहेत. खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घराजवळ जमिनीच्या कंपनाचा कमाल वेग, कंपनाची वारंवारिता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झ असेल तर १० आणि त्यापुढे १५ मिलिमीटरपर्यंतच चालतो. कंपन नोंदवणारे यंत्र घराशेजारी ठेवून सुरुंग उडवला की आकडा मिळतो. आकडा मर्यादेत निघाला तर खाणमालकावरचा आळ जाईल. वर गेला तर भरपाई द्यावी लागेल. ज्याची बाजू खरी आहे त्याला या यंत्राचे भय वाटण्याचे कारण नाही.

परवाना देण्यापूर्वी आसपासच्या घरांची छायाचित्रे आणि नोंदी करून ठेवल्या असत्या, तर तडा जुना की नवा हा वाद पाच मिनिटांत मिटला असता. तशी नोंद नाही, ही परवाना देणाऱ्यांची चूक आहे. त्या चुकीचा फायदा खाणमालकाला आणि तोटा घरमालकाला, हा न्याय नव्हे.

धुळीचेही तेच. खडी क्रशरसाठी केंद्रीय मानक आहे: यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतले तरंगते कण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत. वारा अडवणारी भिंत, पाण्याचे फवारे, आवारातले पक्के रस्ते, त्यांची सफाई आणि शिंपण, कडेने झाडांचा पट्टा, हेही त्याच मानकात लिहिलेले आहे. पण पाहणी होते कशी? पथक येणार ही खबर आधी पोचते. क्रशर बंद असतो, फवारे चालू असतात. पंचनाम्यात लिहिले जाते की पाहणीच्या वेळी धूळ आढळली नाही. ते वाक्य त्या घटकेपुरते खरेही असेल. पण बांधावरच्या तुरीच्या पानावर बोट फिरवले तर पांढुरका थर बोटाला येतो, आंब्याचा मोहोर राखेत बुडवल्यासारखा दिसतो आणि त्या पानाचा नमुना पंचनाम्याबरोबर कधीच जात नाही. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टात स्फटिकी सिलिका फारशी नसते, म्हणून सिलिकोसिसची भीती दाखवू नका, असे सांगणारेही भेटतात. सिलिकेबद्दलचे त्यांचे विधान बरोबर आहे. पण बारीक धूळ कोणत्याही दगडाची असो, ती छातीत जायची राहत नाही. आणि ती सर्वांत आधी जाते ती खाणीवर घण घालणाऱ्या, क्रशरवर पाटी उचलणाऱ्या मजुराच्या छातीत.

म्हणूनच चौथा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो. खाण बंद केली तर वडार बांधवांच्या, परप्रांतीय मजुरांच्या पोटावर पाय येईल, रस्त्याला खडी कुठून आणणार, विकास थांबेल. गावाने खाण बंद करण्याची मागणी दर वेळी केलेली नसते. बहुतेक अर्ज साधे असतात: सुरुंगाची वेळ ठरवा, पाणी मारा, डंपरवर ताडपत्री टाका, रात्री क्रशर बंद ठेवा, पडक्या खाणीला कुंपण घाला. यातल्या बऱ्याच गोष्टी परवान्याच्या आणि मंजुरीच्या अटींमध्ये आधीच असतात. अट पाळा म्हणणाऱ्याला विकासविरोधी ठरवणे म्हणजे अट मोडणाऱ्याला पाठीशी घालणे. मजुराच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी आधी त्याच्या तोंडावर मास्क आणि हाताशी पाणी आहे का, ते पाहावे.

पाचवा युक्तिवाद कुजबुजत केला जातो. तक्रारदार पैशासाठी तक्रार करतो, मिळाले की गप्प बसतो. असे लोक आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. पण एखाद्याचा हेतू वाईट असला म्हणून हवेतली धूळ कमी होत नाही. उलट मोजमाप झाले की खंडणीखोराचे दुकान आपोआप बंद पडते, कारण तडजोडीला जागाच उरत नाही. आकडा जाहीर असेल तर त्याचा भाव कोणाला करता येत नाही.

या सगळ्या युक्तिवादांच्या मुळाशी जी खरी अडचण आहे, तिच्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. महसूल खात्याला दरवर्षी गौण खनिजाच्या वसुलीचा इष्टांक असतो. दगडावर ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन आहे आणि ते गोळा करण्यासाठी खाते मोजमापात अजिबात कमी पडत नाही. इटीएस यंत्राने खाणीचा खड्डा मोजला जातो. महाखनिज प्रणालीवर वाहतूक पास निघतो, वाहनाला जीपीएस लागते. म्हणजे खाणीतून किती ब्रास दगड निघाला आणि तो कोणत्या गाडीतून गेला, हे सरकारला मोजता येते. त्याच खाणीतून गावाकडे किती हादरा आणि किती धूळ गेली, एवढेच तेवढे मोजले जात नाही. ज्या कार्यालयाला वसुली वाढवायची आहे, त्याच कार्यालयाकडे त्या वसुलीच्या उगमाविरुद्धची तक्रार चौकशीला जाते. यात एखाद्या तहसीलदाराला दोष देण्याचे कारण नाही. रचनाच अशी आहे की प्रामाणिक अधिकारीही दोन कर्तव्यांच्या कात्रीत सापडतो.

मग करावे काय? बहुतेक गोष्टी आजच्याच कायद्यात बसतात.

खाणीच्या तक्रारींची स्वतंत्र नोंदवही प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीत हवी. तारीख, क्रमांक, पोच आणि पुढची प्रत्येक हालचाल तिच्यात नोंदवली जावी. विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा महाराष्ट्राचा कायदा सांगतो की कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. नोंदवही असेल तरच हा कायदा गावाच्या हातात येईल.

पाहणी संयुक्त हवी. महसूल, प्रदूषण मंडळ आणि ग्रामपंचायत एकाच दिवशी, पूर्वसूचनेविना, क्रशर चालू असताना आणि तक्रारदारासमक्ष हजर असावेत. पंचनाम्यात विशेषणे नकोत, आकडे हवेत. खाणीलगतच्या पहिल्या घराचे अंतर आधी लिहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरुंग लावणाऱ्या खाणीसाठी २०० मीटर आणि न लावणाऱ्या खाणीसाठी १०० मीटर अंतर सुचवले होते आणि राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२० मध्ये केरळच्या प्रकरणात ते उचलून धरले. तो वाद पुढे वरच्या न्यायालयांत गेला, पण सुरक्षित अंतर म्हणजे साधारण किती, याचा अंदाज त्यातून मिळतो.

कंपनमापक यंत्र वस्तीच्या बाजूला कायम असावे आणि प्रत्येक सुरुंगाचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. खर्च पट्टेदाराचा. तो टाळाटाळ करील तिथे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी वापरावा आणि नंतर त्याच्याकडून वसूल करावा. खाणबाधितांसाठीच तर तो निधी आहे.

स्फोटकांचा साठा आणि सुरुंगाच्या वेळा यांची माहिती पोलीस पाटलाला असावी. कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळच्या हुणसोडू इथे २१ जानेवारी २०२१ च्या रात्री क्रशरपाशी स्फोटकांनी भरलेल्या गाडीचा स्फोट झाला, किमान सहा माणसे गेली आणि दूरदूरच्या लोकांना भूकंप झाल्यासारखे वाटले. वस्तीजवळ काय साठवले जाते, हे वस्तीला ठाऊक असलेच पाहिजे.

आणि शेवटी, पट्ट्याचे नूतनीकरण करताना ही तक्रारवही समोर ठेवूनच निर्णय व्हावा. स्वामित्वधन वेळेवर भरले, एवढा एकच निकष पुरेसा नाही.

हे सगळे शासनादेश निघेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रत्येक खाणीला अटींच्या पूर्ततेचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो आणि २००६ च्या अधिसूचनेनुसार तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. खाणीलगतच्या गावांना माझी विनंती आहे की येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा. आपल्या शिवारातल्या प्रत्येक खाणीचा ताजा पूर्तता अहवाल मागवावा. पुढच्या सुरुंगाच्या वेळी कंपन आणि धूळ मोजण्याची लेखी मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करावी. आणि आकडे नसलेले कोणतेही निकालपत्र ग्रामपंचायतीने स्वीकारू नये. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी घरी ठेवा. मोजलेला आकडा हाती आल्याशिवाय तक्रार मागे घेऊ नका.