विश्लेषण : पोलादी तुळया गोंदाने का जोडत नाहीत?

विमानांचे अनेक भाग आणि मोटारींच्या सांगाड्यातील पत्रे आज इपॉक्सीसारख्या गोंदाने जोडले जातात. मग पुलांच्या पोलादी तुळयांना अजूनही बोल्ट आणि वेल्डिंगच का लागते? गोंदाची ताकद कमी पडते, हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे.

गोंद खरोखर कमजोर असतो का?

नाही. चांगल्या इपॉक्सीचा सांधा दर चौरस मिलिमीटरला दोन-तीन किलोचा भार सहन करतो. म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या सांध्याने कागदोपत्री वीस टन सहज पेलावेत! प्रत्यक्षात ताण सगळीकडे सारखा पसरत नाही, कडांवर एकवटतो. चिकटपट्टी सरळ ओढली तर हलत नाही, पण कोपरा उचलला की सोलून निघते, तसेच हे. शिवाय जागेवरच वाळणारे अनेक इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. उन्हाळ्यात तापलेले लोखंड त्याच्या जवळपास पोहोचते; आगीची तर गोष्टच सोडा.

बोस्टनमध्ये काय घडले?

खरा शत्रू काळ आहे. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेतील बोस्टनच्या ‘बिग डिग’ प्रकल्पातील बोगद्यात छताचे सुमारे २६ टनांचे काँक्रीट आणि लोखंडी सामान मोटारीवर कोसळले. एका महिलेचा मृत्यू झाला. हे छत वरच्या काँक्रीटमध्ये इपॉक्सीने बसवलेल्या पोलादी बोल्टांना टांगलेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००७ मध्ये कारण सांगितले ते ‘क्रीप’चे : भार तेवढाच असूनही गोंद वर्षानुवर्षे हळूहळू ताणला जाणे. बांधकाम सुरू असताना, १९९९ मध्येच काही बोल्ट खाली सरकलेले दिसले होते. ते पुन्हा बसवले, ओढून पाहिले आणि ते चाचणीत उत्तीर्णही झाले. चाचणी थोड्या वेळाची होती, भार मात्र कायमचा. नंतर कुणी लक्ष ठेवले नाही, हा माझ्या मते गोंदापेक्षा मोठा दोष.

जपानच्या सासागो बोगद्यात २ डिसेंबर २०१२ रोजी छत कोसळून नऊ जण दगावले. तिथेही बोल्ट रेझिनने बसवलेले होते.

मग गोंद चालतो कुठे?

जिथे तो सुटला तरी सांगाडा उभा राहतो तिथे. इंग्लंडमधील १८१० चा बिडाचा टिकफर्ड पूल १९९९ मध्ये कार्बन फायबर चिकटवून मजबूत केला गेला. बिडाला वेल्डिंग फारसे मानवत नाही. अशा कामात जुना पूल स्वतःचे वजन स्वतःच पेलेल, असा हिशेब ठेवला जातो. आपल्या मेट्रोच्या उन्नत मार्गांत काँक्रीटच्या तुकड्यांमध्ये इपॉक्सी भरतात, पण तुकडे धरून ठेवतात त्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा.

पोलादी बांधकामाच्या ‘आयएस ८००’ या भारतीय मानकातही जोडणीसाठी बोल्ट, रिव्हेट, पिन आणि वेल्डिंगचेच नियम आहेत. वेल्डिंगमधली भेग अल्ट्रासाउंडने शोधता येते. गोंद नुसता टेकलेला आहे की खरोखर चिकटला आहे, हे सांधा न तोडता खात्रीने सांगणे अजूनही कठीण आहे.