उत्सवाचा नाद आणि खर्जाची मर्यादा

भाद्रपद जवळ आला की मंडपांचे वासे उभे राहतात, आराशीची लगबग सुरू होते आणि त्यासवे आवाजाचा वादही दरवर्षी नव्याने डोके वर काढतो. 2025 साली महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा मान दिला. मान वाढला, तसे उत्तरदायित्वही वाढले. या वादात एक पक्ष परंपरेचा दाखला देतो, दुसरा प्रदूषणाचा. परंतु ज्यामुळे तावदाने थरथरतात आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या छातीत धडकी भरते, तो खालचा स्वर, ज्याला तरुण मंडळी ‘बेस’ म्हणतात, त्याचा स्वतंत्र विचार फारसा कोणी करीत नाही. तो येथे करण्याचा आमचा मानस आहे.

आरंभीच सांगून टाकतो की, खर्जाशी आमचे वैर नाही. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. हृदयातील नाद मंद्र, कंठातील मध्य आणि मस्तकातील तार, व प्रत्येक नाद आधीच्याच्या दुप्पट, अशी व्यवस्था त्याने लावून दिली आहे. सप्तक चढले की कंपनसंख्या दुप्पट होते, हेच आजचे पदार्थविज्ञानही सांगते. पखवाजाच्या धुम्यावर ओली कणीक थापून त्याचा स्वर खाली उतरविणारे आपले पूर्वज खर्जाचे भुकेलेच होते. मंद्राचा आधार नसेल, तर कीर्तनातील पद अधांतरी लोंबकळते.

हा मोह आम्हांसही झाला होता. काही वर्षांपूर्वी आमच्या पदांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा मृदंग भरदार ऐकू आला पाहिजे, असा हट्ट आम्हीच धरला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या तरुणाने निमूटपणे बेस वाढविला. ऐकतो तो काय, मृदंग घुमू लागला खरा, पण पदाचे शब्द दूर गेले आणि एकंदर मुद्रणच बारीक झाले. आम्ही कारण विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, “बुवा, पातेले तेवढेच आहे. खीर वाढवली की ती ऊतू जाणार. ऊतू जाऊ द्यायची नसेल, तर सगळीच कमी करावी लागते.”

त्या एका वाक्यात सारे शास्त्र होते. संगणकीय मुद्रणात आवाजाला वरची एक ठाम सीमा असते. ती ओलांडली की लहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो. आता आपल्या कानाचा स्वभाव पाहा. खालचे स्वर त्याला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 साली मोजून दाखविले. सेकंदास 1000 कंपनांचा 40 डेसिबलचा स्वर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा भासण्यासाठी 100 कंपनांच्या स्वरास साठ डेसिबलच्याही वर जावे लागते. म्हणजे खर्ज कानाला थोडा देतो आणि पातेल्यातील जागा मात्र फार अडवितो. तो 6 डेसिबलने वाढविला, तर त्याच्या लहरीची उंची दुप्पट होते. ती सामावून घेण्यासाठी मग गायक, वीणा, झांजा, सर्वांनाच खाली उतरावे लागते.

मग खर्ज वाढावा आणि एकंदर आवाजही घटू नये, यास उपाय काय? त्या तरुणाने ते आमच्यासमोर करून दाखविले. प्रथम त्याने काही वाढविले नाही, उलट काढून टाकले. तीस कंपनांखालची घरघर, जी कानाला फारशी ऐकू येत नाही पण जागा खाते, ती गेली. गळा आणि झांजा यांच्या मुद्रणात शिरलेला खालचा गुणगुणाट गेला. दोनशे-तीनशे कंपनांच्या आसपासचा घुमारा थोडा उतरविताच मृदंग आपोआप मोकळा झाला. मृदंगावर थाप पडते त्या क्षणापुरती पेटीच्या खालच्या सुरांनी किंचित वाट द्यावी, अशी योजना झाली. थापेचे अवाजवी उंच माथे हलक्या हाताने दाबले. शेवटचा उपाय आम्हांस सर्वांत मनोहर वाटला. मूळ स्वर न वाढविता त्याने त्याचे उपस्वर वाढविले. मूळ स्वर 80 कंपनांचा असेल, तर 160, 240, 320 हे उपस्वर ऐकताच मन 80 चा स्वर स्वतःच भरून काढते. हातातल्या फोनच्या इवल्याशा कर्ण्यातून 80 कंपने नीट निघत नाहीत, तरी मृदंग ऐकू येतो, त्याचे मर्म हेच.

ही विद्या आपल्याला परकी नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर जिव्हाळीचा दोरा सरकविणारा दुसरे काय करतो? खर्जाची तार जोराने न छेडता तिचे उपस्वर तो खुलवितो. मृदंगाची शाई त्याच्या उपस्वरांना सुरेल जुळणीत आणते, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1920 सालीच जगासमोर मांडले होते.

हेच उपाय हव्यासाने वापरले की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. 1990 नंतर तबकड्यांच्या बाजारात ‘माझे गाणे तुझ्याहून मोठे’ अशी स्पर्धा लागली आणि गाण्यातील चढउतार दाबून सपाट करण्यात आले. 2006 साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आवाजाची जाणवणारी पातळी मोजण्याची पद्धत घालून दिली. आज गाणी ऐकविणाऱ्या अनेक सेवा त्या आधारे सर्व गाणी जवळजवळ समान पातळीवर आणतात. तेथे ओरडणाऱ्यास आता काही लाभ उरला नाही.

रस्त्यावर मात्र अशी समपातळी लावणारा कोणी नाही. एका मंडळाने दहा पेट्या रचल्या, की दुसरे वीस रचते. कायदा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45, तर व्यापारी भागात दिवसा 65 डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपकाचा आवाज सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्या भागाच्या मर्यादेहून 10 डेसिबल अधिक किंवा 75 डेसिबल, यांतील जे कमी असेल त्यापलीकडे जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितले. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये म्हटले.

परंतु येथे एक फट राहून गेली आहे. हे सर्व आकडे ‘ए’ मापाचे आहेत, आणि ते माप मंद आवाज ऐकणाऱ्या कानाच्या स्वभावावरून ठरविलेले असल्याने खालच्या स्वरांना फार सूट देते. 50 कंपनांच्या स्वरातून ते तब्बल 30 डेसिबल वजा करते. त्या स्वराचा 100 डेसिबलचा दणका यंत्रावर 70 दिसतो आणि व्यापारी पेठेत नियमात बसतो! पुन्हा 50 कंपनांची लहर सुमारे सात मीटर लांब असते. ती कोपऱ्यावरून वळते, भिंतीतून आत शिरते. आरतीचे शब्द चौकात विरतात आणि दणका तेवढा आजारी माणसाच्या खोलीपर्यंत पोहोचतो. खालच्या स्वरांना जवळजवळ सूट न देणारे ‘सी’ मापही उपलब्ध आहे. दोन्ही मापांनी मोजणी व्हावी, ही मागणी भाविकांनीच पुढे येऊन करावी, असे आम्हांस वाटते. परधर्मीयांच्या भोंग्यांकडे बोट दाखवून आपली जबाबदारी टळत नाही. नियम सर्वांना सारखाच हवा, आणि तो आधी पाळणाऱ्याच्याच शब्दाला वजन येते.

मंडळांच्या कार्यकर्त्यांस आमची विनंती एवढीच आहे. खर्ज अवश्य ठेवा, पण तो निगुतीने ठेवा. पेट्या वाढविण्याऐवजी मुद्रणातील केर काढा. चाळीस कंपनांखालचे सारे बंद करा, त्याने भक्तीत तिळमात्र उणे येणार नाही. प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी एकाने मंडपात आरती लावावी आणि दुसऱ्याने गल्लीतील शेवटच्या घरी जाऊन ती ऐकावी. तेथे शब्द कळले, तर आवाज योग्य आहे. शब्द न कळता नुसता दणकाच पोहोचला, तर मूठ खाली फिरवावी. त्या घरातही गणपती बसलेला असतो, आणि त्याच्यापुढे बसलेल्या आजीला आपली आरती स्वतःच्या कानांनी ऐकावयाची असते.