जिंजरब्रेड राहू द्या, कुलकुल वळा

नाताळ आला की शाळांत लाल टोपी, कापसाची दाढी आणि बेकरीतला केक ठरलेला. मुलांना सणाचा अर्थही कळावा म्हणून आता इंटरनेटवरून पदार्थ शोधले जातात. वाकड्या काठीची कॅन्डी म्हणजे मेंढपाळाची काठी, प्रेट्झेल म्हणजे प्रार्थनेत जुळलेले हात, असं मुलांना सांगायचं. कथा गोड आहेत, पण मागाहून चिकटवलेल्या. कॅन्डीच्या काठीचं मेंढपाळाशी नातं सांगणारा धड पुरावा कुणाकडे नाही. हेतूबद्दल तक्रार नाही. पण पालघर-बोईसरच्या मुलांना नाताळ समजावा असं वाटत असेल, तर त्यांच्यापुढे कुलकुल या नाताळच्या तळलेल्या गोड पदार्थाच्या पिठाची परात ठेवावी. ती याच जिल्ह्यातली, वसईची आहे.

कुलकुलाला लागतं काय? मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, साखर, तुपाचं मोहन आणि चालत असेल तर अंडं. पीठ मुरलं की बोराएवढी गोळी कोऱ्या फणीच्या दातांवर ठेवायची, अंगठ्याने पसरायची आणि गुंडाळत सोडवून घ्यायची. अंगठा जड पडला तर रेघा बुजतात, जोड नीट दाबला नाही तर तेलात गुंडाळी उलगडते. मोठ्यांपेक्षा लहान बोटांना हे काम चटकन जमतं. शिवाय डबाभर कुलकुल एकट्या बाईने वळायचे म्हणजे शिक्षाच, त्यामुळे सगळं घर परातीभोवती बसतं. जिंजरब्रेडला साचा लागतो, ओव्हन लागतो. कढई मात्र कुठल्या घरात नाही? आणि कोण किती वळतो याची चढाओढ साच्यात होत नाही.

हा पदार्थ परका वाटण्याचंही कारण नाही. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. बोईसरजवळच्या तारापूरचा किल्लाही मराठ्यांनी १७३९ मध्येच त्यांच्याकडून घेतला. त्या दोनशे वर्षांत अनेक घरांचा धर्म बदलला, पण बोली आणि चूल सुटली नाही. वसईचे सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण आजही एकच कादोडी बोली बोलतात. नाताळची नेवरी म्हणजे आपली करंजीच. तिकडे नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतही नाताळला चकली-करंजीचा फराळ होतो. दिवाळीत करंजीला मुरड घातलेल्या मुलाला कुलकुल नवा नाही. आणि या फराळाचा अर्थ आकारात शोधूच नये. तो शेजारी जाणाऱ्या ताटात आहे. दिवाळीत आलेल्या ताटाची परतफेड नाताळला होते, हे मुलाला हातात ताट देऊनच कळतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो धर्मप्रसाराचा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या कलमात स्पष्ट आहे आणि ते योग्यच आहे. पण फराळ म्हणजे उपासना नव्हे. ख्रिस्ती परंपरा स्वतःच हा भेद पाळते. केरळच्या सीरियन ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवारी बिनखमिराचं पेसहा अप्पम करतात, कुटुंबप्रमुख प्रार्थना करून ते मोडतो. ते घरापुरतं असतं. शाळेच्या कार्यशाळेत त्याची नक्कल करणं मला अनुचित वाटतं, आणि केरळी कुटुंबं बोईसरमध्ये असल्याने हे सांगणं भाग आहे. कुलकुलावर असलं कुठलंच पावित्र्य नाही. तो कुणीही वळावा, कुणालाही द्यावा. दिवाळीचा लाडू खाऊन कुणाचा धर्म बदलत नसेल, तर कुलकुलाने तो कसा बदलेल?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: हे सगळं शेवटी आईच्याच माथी येणार. येईल, जर मुलं फोटोपुरती परातीशी बसली तर. म्हणून मुलग्यांनीही पीठ मळावं, भांडी घासावीत. हे नसेल तर सरळ वसईच्या एखाद्या घरगुती उद्योगातून कुलकुल विकत आणावेत, त्यात कमीपणा नाही. मैदा आणि साखर यांवरून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच विचारायचं, की आयसिंगचा केक कोणता पौष्टिक होता? उकळत्या तेलाची भीती मात्र रास्त आहे. वळणं मुलांचं, तळणं मोठ्यांचं, आणि कढई मुलं बसतील त्या खोलीत नकोच. नीट गार करून घट्ट डब्यात भरले की कुलकुल दोन आठवडे सहज टिकतात. तेव्हा हे काम चोवीस तारखेच्या धांदलीवर ढकलू नये. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला एखादा शनिवार शाळेने त्यासाठी राखावा, आणि ताटं कुणाकुणाच्या घरी जायची ती यादी मुलांनाच करू द्यावी.