डॉक्टरकाका, गुरुवारी दवाखाना बंद ठेवा!

२०२१चा एप्रिल आठवतो? घरात कुणाला नुसती कणकण आली तरी मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप यायची. कुणाला डॉक्टरांनी लिहून दिलेली असायची, कुणी शेजाऱ्यांचं प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतलेलं असायचं. सोबत डॉक्सी, झिंक, व्हिटॅमिन सी. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा!) त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्रिटनमधल्या ‘प्रिन्सिपल’ नावाच्या ट्रायलने सांगून टाकलं होतं, की घरीच उपचार घेणाऱ्या पन्नाशीपुढच्या कोविड रुग्णांना अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सीसायक्लिन सरसकट देऊन काही उपयोग होत नाही. दम्याच्या पंपातलं बुडेसोनाइड मात्र बरं वाटायला लागणारा वेळ साधारण तीन दिवसांनी कमी करतं, हेही पुढे याच ट्रायलमधून कळलं.

ही ट्रायल ऑक्सफर्ड विद्यापीठाची होती. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिचं नेतृत्व करणारे ख्रिस बटलर हे जीपी आहेत. आपल्या भाषेत, फॅमिली डॉक्टर.

आता तुमचे डॉक्टरकाका डोळ्यांसमोर आणा. तुमच्या आजीची शुगर, बाबांचं बीपी, तुमचा दहावीच्या वर्षातला टायफॉइड, सगळं त्यांच्या डोक्यात असतं. ‘या गोळीने खरंच फरक पडतोय का?’ हा प्रश्न त्या लाटेत त्यांनाही पडला असणारच. पण बाहेर चाळीस जण ताटकळत बसलेले असताना त्या प्रश्नाचं करायचं काय? प्रश्न पडणं आणि त्याचं उत्तर शोधता येणं यात फार मोठं अंतर आहे. ते अंतर हुशारीने भरून निघत नाही. त्यासाठी शिक्षण लागतं, वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कुणीतरी द्यावे लागतात. या तिन्हीची सोय म्हणजे रिसर्च फेलोशिप. आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरांना ती मिळायला हवी, एवढंच आज म्हणायचंय.

‘रिसर्च मोठ्या हॉस्पिटलात होतो की!’ असं तुम्ही म्हणाल. होतो. पण तिथे पोचतं कोण? १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधली आकडेवारी घेऊन एक साधा हिशेब मांडला होता. १००० प्रौढ माणसं घ्या. महिनाभरात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण हॉस्पिटलात भरती होतात. आणि विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो फक्त १. आकडे जुने आहेत, परदेशातले आहेत, पण चित्र ओळखीचं वाटतं ना? त्या एका माणसावर अभ्यास करून उरलेल्या २४९ जणांचे उपचार ठरवायचे, हे जरा अजबच आहे. दवाखान्यात येणारा आजार अर्धवट असतो. त्याला अजून नावही पडलेलं नसतं. ‘डॉक्टर, कसंतरीच होतंय’ ही तक्रार एमआरआयच्या मशीनला कळत नाही.

आपल्याकडे अशी माणसं झालीच नाहीत असंही नाही. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, दगावायची. बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. घाम कधी सुटतो, हातपाय कधी गार पडतात, हृदय कधी दमतं. त्यांची निरीक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. आज विंचूदंशाच्या उपचारात ते औषध पक्कं बसलंय. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, रील्ससुद्धा बनवतो. पण सांगताना एक सोयीची पळवाट काढतो: ‘इच्छा असली की होतं!’ नाही हो, होत नाही. एका माणसाने झोप आणि पदरचे पैसे घालून जे केलं, ते हजारो डॉक्टरांनीही तसंच करावं, ही काही योजना झाली नाही.

त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आधी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, संशोधन कसं करायचं ते शिकले आणि मग १९८६ साली गडचिरोलीला गेले. ‘बाळं खूप मरतात’ ही हळहळ त्यांनी मोजता येईल अशा प्रश्नात बदलली. गावातल्याच बाईला शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली, तर मृत्यू किती कमी होतात? ते उत्तर १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज आशाताई नव्या बाळाच्या घरी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे. शिक्षणाने तळमळ आली नाही, ती होतीच. शिक्षणाने हत्यार हातात आलं.

मग फेलोशिपमध्ये नेमकं काय शिकवतात? मनातल्या खुटखुटीचा नेमका प्रश्न कसा करायचा. उदाहरणार्थ, वारीला जाणाऱ्या डायबेटिसच्या पेशंटच्या गोळ्यांचं त्या दिवसांत काय होतं? किती जणांना विचारायचं, नोंदी कशा ठेवायच्या, पेशंटची लेखी संमती कशी घ्यायची, एथिक्स कमिटीकडे कधी जायचं, आकडे खोटं कसे बोलतात. शिवाय चुका दाखवणारा एक मार्गदर्शक. ब्रिटनमध्ये जीपी होऊ पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी ‘अकॅडमिक क्लिनिकल फेलोशिप’ आहे. ७५ टक्के वेळ पेशंट, २५ टक्के वेळ संशोधन. तीन वर्षांचं प्रशिक्षण त्यासाठी चार वर्षांचं होतं, आणि संशोधनाच्या वेळेचाही पगार मिळतो. सगळी मेख तिथेच आहे.

आपल्याकडे फॅमिली मेडिसिनचं डीएनबी आहे, मोजक्या कॉलेजांत एमडी आहे. या विषयाचे तज्ज्ञ हवेत, हे २००२च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलेलं आहे. तरी पीजीच्या काउन्सेलिंगला पळापळ असते ती रेडिओ आणि डर्माकडे. शिकताना एक थिसिस होतो, तो बाइंडिंग होऊन कपाटात जातो, आणि दवाखाना टाकल्यावर संशोधनाशी संबंध संपतो.

‘आधीच डॉक्टर कमी, त्यात एक दिवस दवाखाना बंद?’ हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. तालुक्याच्या गावात एक दिवस म्हणजे पन्नास-साठ माणसं परत जाणार. म्हणून फेलोशिपच्या पैशातून त्या दिवसापुरता बदली डॉक्टरही मिळायला हवा. दुसरी भीती औषध कंपन्यांची. फॅमिली डॉक्टरवर पेशंटचा आंधळा विश्वास असतो, ‘काका म्हणाले ना, मग कर सही!’ अशा वेळी न शिकलेला संशोधक धोकादायकच. पण हे तर शिकवण्याच्या बाजूचंच कारण झालं.

नाशिकचं आरोग्य विद्यापीठ कितीतरी विषयांत फेलोशिप चालवतं. त्याने चालू दवाखाना असलेल्या डॉक्टरांसाठी आठवड्यातून एक दिवसाची, मानधन देणारी संशोधन फेलोशिप काढावी. समजा, गुरुवार. पहिल्या वर्षी वीस डॉक्टर घ्या. वेगवेगळ्या जिल्ह्यांतले, आणि निम्मे तरी तालुक्याच्या गावातले. एमबीबीएसनंतर बॉण्ड म्हणून आरोग्य केंद्रात वर्ष काढणाऱ्यांनाही त्यांच्याशी जोडून द्या. ते वर्ष नुसतं ‘काढायचं’ असतं, ही तक्रार तरी कमी होईल.

आणि तुम्ही स्वतः एमबीबीएसला असाल, तर आयसीएमआरची दोन महिन्यांची स्टुडंटशिप तुम्हाला माहीत असेलच. त्यासाठी गाइड कॉलेजातलाच लागतो. गल्लीतल्या दवाखान्यात तीस वर्षं बसलेले डॉक्टरकाका निदान सहगाइड म्हणून का चालू नयेत, हे या वर्षी आपल्या डीनना विचारा.