संडास साफ झाला, बाळंतिणीचं काय?



ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं. मग हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांकडून संडास साफ करून घेतला. अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, चॅनेलांना खाद्य मिळालं. शिक्षा म्हणून या पुढाऱ्याला संडासच का सुचला, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्या गदारोळात मूळ प्रश्न वाहून गेला.

रुग्णालय म्हणालं, सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत आमच्याशिवाय मोठी सोय नाही, रुग्ण शेवटच्या घटकेला येतात. बरोबर आहे. त्याच टापूच्या काठावर आपलं बिलोली आहे. मग शेवटच्या आधीच्या घटका कुणाच्या खात्यात मांडायच्या? तालुक्याला भूलतज्ज्ञ नसला की सिझेरियन होत नाही, हातात 'रेफर'ची चिठ्ठी पडते. गाडीवाला सीमा ओलांडून निजामाबाद गाठतो. आपली बाई १०८ची वाट बघत कळा सोसते.

त्यात मोफत उपचारांची गंमत बघा. १५ ऑगस्ट २०२३ पासूनचा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता होता. विष्णुपुरी येते वैद्यकीय शिक्षण विभागाखाली. म्हणजे फुकट आहे तिथे तज्ज्ञ नाही, आणि तज्ज्ञ आहे तिथे त्या निर्णयाचा उपयोग नाही!

बाळंतपणाच्या लाभाचं बिल १९२८ साली मुंबई कायदेमंडळात आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि हा भार सरकारनेही उचलावा असं मांडलं. आपण मात्र अजून रुग्णाला 'ओळखीने' बेड मिळवून देण्यातच कार्यकर्तेपण मोजतो. मीही मोजलंय.

आता हे बदलू. साध्या आजाराला, तपासणीला, नेहमीच्या बाळंतपणाला आधी ग्रामीण रुग्णालयातच जा. ओपीडीच्या रजिस्टरवर आपली नावं नसतील तर पदं कशाच्या जोरावर मागणार? जीवावरचं असेल तर वाद घालत बसू नका, रुग्ण आधी हलवा. पण रेफरच्या चिठ्ठीवर वेळ आणि कारण लिहून घ्या: कोणता तज्ज्ञ नव्हता, कोणती सोय बंद होती. रेल्वेतून पडलेल्या हकीम शेखला कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कलम २१चा भंग ठरवला आणि पैसा नाही ही सबब मानली नाही.

चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स विहारात जमा करा. पन्नास झाल्या की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर ठेवायला मी सोबत येते.