बोट टेकलं, पण क्लिक झालंच नाही!

शिरड शहापूरहून रोज औंढ्याला नाहीतर वसमतला कॉलेज गाठणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांची कॉम्प्युटरशी पहिली भेट एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये झाली असेल. तिथे माऊस होता. टचपॅडशी गाठ पडते ती पुढे, कुणा दादाचा जुना लॅपटॉप हाती आल्यावर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या मशीनवर चढत नाही. मग एखादा जाणकार मित्र पेनड्राइव्हमधलं लिनक्स टाकून देतो. समजा, ते २०२३ चं डेबियन १२ आहे. घरी येऊन तुम्ही मोठ्या उत्साहाने टचपॅडवर बोट टेकवता, तर काहीच होत नाही. परत टेकवता, तेच. वैतागून जोरात दाबल्यावर ‘कट्’ असा आवाज येतो आणि मेन्यू एकदाचा उघडतो. निष्कर्ष ठरलेला : टचपॅड गेलं.

गेलेलं काहीच नसतं. ‘टॅप टू क्लिक’ नावाचं एक सेटिंग बंद असतं, आणि ते तुम्ही बंद केलेलं नसतं. ते तसंच ठेवायचं, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्यालाच डिफॉल्ट म्हणतात.

सेटिंग बदलता येतं ना, मग एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण बदलतं कोण? एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अवयवदानाचे आकडे मांडले होते. जर्मनीत संमती देणारे सुमारे १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून जास्त. एका देशात नाव मुद्दाम नोंदवावं लागायचं, दुसऱ्यात नकोच असेल तर काढावं लागायचं. जीवन-मरणाच्या प्रश्नातही माणसं डिफॉल्टला हात लावत नाहीत, तर टचपॅडसाठी कोण सेटिंग उघडणार? ज्याला बदलता येतं, त्याला डिफॉल्ट कसंही असलं तरी फरक पडत नाही. ते ठरतं बाकीच्यांसाठी.

टॅप बंद ठेवणाऱ्यांची बाजूही ऐकून घ्या, ती मूर्खपणाची नाही. बहुतेक लिनक्समध्ये टचपॅड सांभाळतं ते ‘लिबइनपुट’. टचपॅडला वेगळी बटणं असतील तर तिथे टॅप मुळातच बंद असतं. त्यांचं म्हणणं असं : ज्याला टॅप म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला नुसत्या स्पर्शाने क्लिक झालेलं दिसलं की मशीन बिघडल्यासारखं वाटतं, ज्याला माहीत आहे, तो शोधून चालू करतो. एके काळी हे पटण्यासारखं होतं. पण आज हिंगोली जिल्ह्यात टॅप माहीत नसलेला कॉलेजकुमार दाखवा! आपण लॅपटॉपच्या आधी कित्येक वर्षं मोबाइलवर टॅपच करत आलोय. ‘नवखा’ माणूस बदलला, डिफॉल्ट मात्र जुन्या नवख्यासाठीच राहिलं. शिवाय हल्ली बटणं पॅडच्या खाली गेलीत, आणि बहुतेक पॅड वरच्या बाजूला बिजागरीसारखे अडकवलेले असतात. वरच्या भागात कितीही जोर लावा, दाबले जात नाहीत.

लिनक्सवर डेस्कटॉपचा पडदा सांभाळणाऱ्या ‘ग्नोम’ला हे उशिरा पटलं. मार्च २०२४ च्या ग्नोम ४६ पासून टॅप आपोआप चालू असतं. राइट क्लिकची गोष्ट तर आणखी मजेशीर. २०१८ च्या ग्नोम ३.२८ मध्ये उजव्या कोपऱ्यातलं राइट क्लिक डिफॉल्टमधून गेलं आणि दोन बोटांनी दाबायची पद्धत आली. जुनी पद्धत हवी असेल तर ‘ट्वीक्स’ नावाचं वेगळं सॉफ्टवेअर टाकायचं! नेहमीच्या सेटिंगमध्ये हा पर्याय यायला ग्नोम ४६ उजाडावं लागलं. डिफॉल्ट बदलायला आमची हरकत नाही. परतीची वाट दुसऱ्या गावात ठेवायला आहे.

आमच्या मते टॅप चालू हवं, दोन बोटांनी स्क्रोल मोबाइलच्याच दिशेने हवा (माऊसच्या चाकावर शिकलेल्यांना चार दिवस उलटं वाटेल, वाटू द्या), आणि टायपिंग चालू असताना टचपॅड झोपलेलं हवं. हे शेवटचं सेटिंग बहुतेक ठिकाणी आधीच चालू असतं. तरी प्रकल्पाचा अहवाल मराठीत टाइप करताना कर्सर उडी मारतो आणि अर्धं वाक्य भलत्याच परिच्छेदात जाऊन पडतं. का? लिबइनपुट शेवटची की दाबल्यावर टचपॅड जेमतेम अर्धा सेकंद बंद ठेवतं, कधी त्याहूनही कमी. भराभर इंग्रजी टाइप करणाऱ्याला ते पुरतं. पण तुम्ही इन्स्क्रिप्टमध्ये ‘ज्ञ’ शोधत थांबलात की तेवढ्यात टचपॅड जागं होतं आणि टेकलेला तळहात त्याला बोट वाटतो. आणि इथे टॅप चालू असल्याचा तोटाही दिसतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना असा एक चुकीचा टॅप ‘सबमिट’वर पडला तर काय, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणूनच टॅप चालू करणाऱ्यांनी ही वेळही वाढवायला हवी. हे त्यांना सांगणार कोण? भराभर टाइप करणाऱ्याला ही अडचण जाणवतच नाही. ग्नोम आणि लिबइनपुट या दोन्ही ठिकाणी खातं उघडून कुणालाही तक्रार नोंदवता येते, पैसे लागत नाहीत. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं. लॅपटॉपचं मॉडेल, लिनक्सची आवृत्ती, कोणत्या कीबोर्डवर टाइप करत होतात आणि कर्सर नेमका कधी उडाला, एवढं लिहा. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून सोबत जोडा, त्यात तळहात दिसू द्या.