पक्षाघाताच्या उपचाराची पहिली पायरी मावळातच हवी



पक्षाघात म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटणे. बहुतेक वेळा रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने आणि उरलेल्या वेळी वाहिनी फुटून रक्तस्राव झाल्याने तो होतो. लोणावळा व मावळातील प्रत्येक रुग्णालयाला मेंदूविकारतज्ज्ञ मिळणे नजीकच्या काळात शक्य नसले, तरी तालुक्यातील रुग्णालये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आणि पिंपरी-पुण्यातील मोठी रुग्णालये एका लेखी आराखड्याने जोडणे पूर्णपणे शक्य आहे, आणि जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने ते काम आता लांबणीवर टाकू नये.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन उपयोगी पडते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने पहिल्या तीन तासांसाठी दाखवून दिले आणि २००८ मधील युरोपीय चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. मात्र रक्तस्राव झालेल्या रुग्णाला तेच औषध घातक ठरत असल्यामुळे आधी सीटी स्कॅन करून दोहोंतला फरक ओळखणे अनिवार्य असते. मोठ्या वाहिनीतील गुठळी मांडीतून नळी घालून बाहेर काढण्याची प्रक्रिया २०१५ पासून सिद्ध झाली आहे, पण त्यासाठी लागणारी सामग्री व कुशल हात मोठ्या शहरांतच आढळतात.

द्रुतगती मार्ग दारात असताना रुग्णाला थेट पुण्याला का नेऊ नये, असा प्रश्न यावर विचारला जातो. लोणावळ्यापासून पुणे सुमारे ६५ किलोमीटर आहे, आणि हे अंतर एरवी फारसे वाटत नसले तरी पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ते तुंबलेले असताना त्याचा हिशेब पार बदलतो. शिवाय आंदर मावळातील खांडी किंवा पवन मावळातील तुंग येथून निघालेल्या रुग्णाला आधी महामार्गच गाठावा लागतो. त्यातच जवळचे म्हणून गाठलेल्या रुग्णालयात सीटी स्कॅन वा इंजेक्शन नसले, तर तिथून दुसरीकडे आणि दुसरीकडून तिसरीकडे जाण्यातच साडेचार तास सरतात. त्यामुळे रुग्णालय किती जवळ आहे याइतकेच तिथे त्या घटकेला काय उपलब्ध आहे, हे रुग्णवाहिकेला निघण्यापूर्वी ठाऊक असणे महत्त्वाचे आहे.

हिमाचल प्रदेशाने २०१४ पासून हाच मार्ग धरला: सीटी स्कॅन असलेल्या जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांनी शिमला व टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील तज्ज्ञांना स्कॅनची छायाचित्रे फोनवर पाठवायची, त्यांच्या सल्ल्याने तिथेच इंजेक्शन द्यायचे, आणि औषधाचा खर्च शासनाने उचलायचा. घाटवाटांचा तो प्रदेश हे करू शकला असेल, तर कान्हे फाटा व लोणावळा येथील शासकीय आरोग्यसेवा आणि तळेगाव दाभाडे येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय यांना पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय व पुण्याचे ससून रुग्णालय यांच्याशी अशा रीतीने जोडता येणार नाही, असे मानण्यास आधार नाही. रुग्णवाहिकेतच साखर तपासावी, कारण साखर फार उतरल्यासही पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात; वाटेतूनच रुग्णालयाला कळवून स्कॅनचे टेबल मोकळे ठेवून घ्यावे; आणि वजनावर मात्रा ठरत असल्यामुळे वजनाचा अंदाजही आधीच कळवावा.

इंजेक्शनात जोखीम आहे, हा आक्षेप खरा आहे. १९९५ च्या चाचणीत औषध दिलेल्या शंभरांतील सुमारे ६ रुग्णांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. परंतु अपंगत्व मुळीच न उरण्याची किंवा अत्यल्प उरण्याची शक्यता तीन महिन्यांनंतर निदान ३० टक्क्यांनी अधिक आढळली आणि मृत्यूंचे प्रमाणही वाढले नाही. म्हणूनच प्रशिक्षण, तपासणीसूची व दूरस्थ सल्ला यांखेरीज औषध देऊ नये. जोखमीचे कारण पुढे करून ते कोणालाच न देणे मात्र समर्थनीय ठरत नाही. खर्चाचा विचार केला तरी, कमावता माणूस आयुष्यभरासाठी अंथरुणाला खिळल्यावर कुटुंबावर पडणारा बोजा इंजेक्शनाच्या किमतीपेक्षा कितीतरी जड असतो.

नागरिकांच्या बाजूनेही एक गोष्ट आवश्यक आहे. तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे किंवा जीभ जड होणे दिसताच तेल चोळत बसण्याऐवजी १०८ ला फोन करावा आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवावी. पहाटे उठताना लक्षणे आढळली, तर घड्याळ झोपायला गेल्याच्या वेळेपासून मोजले जाते. गावोगावच्या आशा सेविकांनी एवढे घराघरांत पोहोचवले तरी बराच वेळ वाचेल.

कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन व इंजेक्शन मिळते याची यादी प्रसिद्ध करणे, १०८ च्या चालकांना व डॉक्टरांना त्याच यादीनुसार रुग्ण नेण्याचा लेखी आदेश देणे, आणि ‘उपचार आधी, कागदपत्रे नंतर’ हा नियम सर्वत्र लागू करणे, ही तीन कामे जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि लोणावळा व तळेगावच्या नगरपरिषदा यांनी एकत्र बसून हाती घ्यावीत. नव्या इमारतींची वाट पाहण्याचे त्यासाठी काही कारण नाही.

— एक वाचक, लोणावळा (ता. मावळ, जि. पुणे)